सूत आणि शाई

पोलंडच्या नकाशावर वॉर्सॉच्या नैऋत्येस एक मोठे शहर दिसते. रोमन अक्षरे वाचून आपल्याकडे कुणी त्याला 'लोड्झ' म्हणतात, कुणी 'लोझ'. तेथील रहिवासी मात्र आपल्या शहराचे नाव 'वूच' असे उच्चारतात. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ होडी. शहराच्या मुद्रेवरही होडीच आहे. परंतु होडी हाकारावी अशी नदी या शहरात शोधूनही सापडत नाही. जे लहानसहान ओहोळ होते त्यांचे पाणी गिरण्यांनी कापड धुण्यासाठी आणि रंगविण्यासाठी वापरले, आणि पुढे ते ओहोळच जमिनीखालच्या नळांतून वळविण्यात आले. नावात पाणी आहे, पण डोळ्यांपुढे विटांच्या भिंती आणि धुराडी. अशा या विसंगत शहराची गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. ती गोष्ट जितकी कापडाची आहे तितकीच चित्रांची आहे.

1423 साली राजा व्वादिस्वाव यागिएवो याने या गावाला नगराची सनद दिली. पण पुढली चारशे वर्षे ते एक झोपाळू खेडेच राहिले. 1820 साली सरकारने येथे कापडउद्योगाची वसाहत करण्याचे ठरविले, तेव्हा गावाची वस्ती हजाराच्याही आत होती. परदेशी विणकरांना जमीन, लाकूड आणि करमाफी यांचे आमिष दाखविण्यात आले. जर्मन प्रांतांतून विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून पोलिश कुणबी आले, ज्यू व्यापारी आणि कारागीर आले. हा मुलूख रशियन झारच्या अमलाखाली होता. 1839 साली लुदविक गायर याच्या गिरणीत वाफेचे यंत्र फिरू लागले. 1851 साली रशिया आणि पोलंड यांच्यामधील जकातीची भिंत दूर झाली आणि वूचच्या कापडाला रशियाची अफाट बाजारपेठ मोकळी झाली. त्यानंतर हे शहर वाढले नाही, ते फुगले असेच म्हणावे लागेल. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्याची वस्ती पाच लाखांच्या घरात पोहोचली होती.

या भरभराटीचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे इझ्राएल पोझ्नान्स्की या ज्यू उद्योगपतीची ओग्रोदोवा रस्त्यावरील गिरणी. कारखाना कसला, ते लाल विटांचे एक स्वतंत्र नगरच होते. सूतकताई, विणाई, रंगाई, छपाई, गोदामे, शेजारी कामगारांच्या चाळी आणि कोपऱ्यावर मालकाचा राजवाड्यासारखा प्रासाद, असा सारा संसार एकाच आवारात होता. श्रोत्यांपैकी ज्यांनी परळ-लालबागचे भोंगे ऐकले असतील, त्यांना या आवाराचे वर्णन अधिक करून सांगण्याची गरज नाही. व्वादिस्वाव रेमाँट या कादंबरीकाराने 'अभिवचनाची भूमी' या नावाची आपली कादंबरी 1899 साली प्रसिद्ध केली ती याच शहरावर. पैशाच्या मागे धावताना माणसे कशी खर्ची पडतात, हे त्याने तीत दाखविले. पुढे 1924 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र खेड्यावरील दुसऱ्या एका कादंबरीसाठी.

ओग्रोदोवा रस्त्यावरची ही गिरणी आपण लक्षात ठेवू या. आपल्या कथेत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

गिरणीच्या गावात कला कशाला यावी, असे कुणालाही वाटेल. वूचला विद्यापीठाची परंपरा नव्हती, राजदरबार नव्हता, जुनी देवळे-चर्चे नव्हती. पण परंपरा नसण्याचाही एक फायदा असतो. नव्याला अडविणारे कुणी नसते. व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की हा चित्रकार आणि त्याची पत्नी, शिल्पकार कातझिना कोब्रो, यांना हे शहर मानवले. पहिल्या महायुद्धात स्त्शेमिन्स्कीने एक हात आणि एक पाय गमावला होता. उरलेल्या एका हाताने तो रंगवीत असे, लिहीत असे आणि शिकवीत असे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी युरोपभरच्या नव्या चित्रकारांना पत्रे लिहून त्यांची चित्रे भेटीदाखल मागविली. चित्रकारांनी ती दिली. 15 फेब्रुवारी 1931 रोजी हा संग्रह वूचच्या नगरसंग्रहालयात लोकांसाठी खुला झाला. आधुनिक कलेचा सार्वजनिक संग्रह म्हणून जगात त्याच्याआधीची उदाहरणे फार थोडी आहेत. असा संग्रह पॅरिस-लंडनमध्ये नव्हे, तर कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या एका कामगारनगरीत उभा राहावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नंतर युद्ध आले. शहरातील दर तीन माणसांपैकी एक ज्यू होता. 1940 साली नाझींनी शहराच्या एका जीर्ण भागाभोवती कुंपण घातले आणि ज्यूंना त्यात कोंडले. या कोंडवाड्यालाही त्यांनी कारखानाच बनविले. उपाशी माणसांकडून जर्मन सैन्याचे गणवेश शिवून घेण्यात येत. 1944 च्या ऑगस्टपर्यंत कोंडवाडा रिकामा करण्यात आला आणि त्यातील बहुतेक माणसे मृत्युछावण्यांत नाहीशी झाली. दोन लाखांहून अधिक लोक त्या कुंपणातून गेले. युद्ध संपल्यावर जिवंत उरले ते काही हजार.

युद्धानंतर लवकरच स्त्शेमिन्स्कीने 'माझ्या ज्यू मित्रांस' या नावाची एक चित्रमाला केली. युद्धकाळात काढलेल्या आपल्या थरथरत्या रेषांच्या चित्रांशेजारी त्याने कोंडवाड्यातील आणि छावण्यांतील छायाचित्रांचे तुकडे चिकटविले आणि प्रत्येक चित्राला काही शब्दांची जोड दिली. रेषा, छायाचित्र आणि शब्द यांना शेजारीशेजारी ठेवून, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पाहणाऱ्याला उभे करण्याची ही रीत होती. त्या चित्रमालेला कुणी चित्रकथा म्हटले नाही, आणि म्हणूही नये. परंतु चित्रांच्या मधल्या जागेतच सांगायची गोष्ट दडलेली असते, हे या शहराने तेव्हा शिकून घेतले.

वॉर्सॉ उद्ध्वस्त झाली होती. वूच बऱ्याच अंशी उभे होते. म्हणून देशाचे पुष्कळसे व्यवहार, लेखक, नट आणि चित्रपटाचे लोक युद्धानंतर काही काळ वूचला आले. गिरणीमालकांचे प्रासाद रिकामे होते. कुणी मारले गेले होते, कुणी पळाले होते आणि उरलेल्यांची मालमत्ता नव्या साम्यवादी सरकारने ताब्यात घेतली होती. या ओस दिवाणखान्यांत कलेने आपले बिऱ्हाड मांडले. 1948 साली चित्रपटविद्यालय सुरू झाले ते ओस्कार कोन या गिरणीमालकाच्या वाड्यात. वायदा, पोलान्स्की, किएश्लोव्स्की हे दिग्दर्शक याच वाड्याच्या जिन्यावरून वर-खाली गेले. त्याच वर्षी स्त्शेमिन्स्कीच्या संग्रहाला पोझ्नान्स्कीच्या मुलाचा प्रासाद मिळाला. शाइब्लर या गिरणीसम्राटाच्या घरात पुढे चित्रपटसंग्रहालय आले. आणि बाहुल्यांचे व रेखाटनांचे चलत्चित्रपट करणारी 'सेमाफोर' ही संस्थाही याच शहरात वाढली. तिने पोलंडच्या मुलांना 'उशातेक' नावाचे, एक कान मुडपलेले अस्वल दिले आणि तिच्याच छताखाली झ्बिग्न्येव रिबचिन्स्कीने केलेल्या 'टँगो' या लघुपटाला 1983 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. ज्या कलाविद्यालयाच्या स्थापनेत स्त्शेमिन्स्कीचा वाटा होता, तेथून 1950 साली त्याला काढून टाकण्यात आले. सरकारला कामगारांची गौरवचित्रे हवी होती, आणि ती आज्ञेनुसार काढणे त्याला जमेना. संग्रहालयात त्याने रंगविलेले दालन मोडण्यात आले. दोन वर्षांनी, 1952 च्या डिसेंबरात, तो दारिद्र्यात वारला. आज तेच कलाविद्यालय त्याचे नाव अभिमानाने मिरविते.

ज्यांच्या नावाने ही गौरवचित्रे मागितली जात होती, ते कामगार होते तरी कोण? वूचच्या गिरण्यांत मोठा भरणा स्त्रियांचा होता. तीन पाळ्या, कानठळ्या बसविणारे माग, हवेत तरंगणारा कापसाचा पुंजका आणि पाळी सुटल्यावर दुकानापुढची रांग, हा त्यांचा दिनक्रम. डिसेंबर 1970 मध्ये सरकारने अन्नाचे भाव वाढविले. बाल्टिक किनाऱ्यावरील गोदीकामगारांनी उठाव केला, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण भाव उतरले नाहीत. 10 फेब्रुवारी 1971 रोजी वूचच्या मार्ख्लेव्स्की गिरणीत माग थांबले. मार्ख्लेव्स्की हे सरकारने दिलेले नवे नाव होते. गिरणी तीच, ओग्रोदोवा रस्त्यावरील पोझ्नान्स्कीची. संप गिरणीगणिक पसरला. पंतप्रधान यारोशेविच स्वतः वूचला आले, त्यांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला. बायकांनी ऐकले नाही. 15 फेब्रुवारीला भाववाढ मागे घेतल्याची घोषणा झाली. बंदुकीला जे मिळाले नाही ते विणकर बायकांच्या नकाराला मिळाले. दहा वर्षांनी, जुलै 1981 मध्ये, त्याच शहराच्या पिओत्र्कोव्स्का रस्त्यावरून हजारो बायका मुलांना घेऊन भुकेचा मोर्चा काढत गेल्या.

आणि तरीही या बायकांना शेवटी हरविले ते सरकारने नव्हे, बाजाराने. 1989 साली साम्यवादी राजवट गेली. मोकळेपणा आला, पण त्याबरोबर सोव्हिएत बाजारपेठही गेली. 1991 सालापासून तिकडचा व्यापार परकीय चलनात होऊ लागला आणि वूचचे कापड घेणारे राहिले नाही. जुन्या यंत्रांच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ओग्रोदोवा रस्त्यावरची गिरणीही थांबली. कोळसाखाणींसाठी किंवा गोदीसाठी सरकारला जशी धास्ती वाटे, तशी या बायकांसाठी वाटली नाही. 1980 नंतरच्या दशकात साडेआठ लाखांच्या आसपास असलेली शहराची वस्ती पुढल्या काळात घटत घटत साडेसहा लाखांवर आली.

आता पाहा, 1991 हे तेच वर्ष. याच वर्षी वूचमध्ये पोलंडभरच्या चित्रकथाकारांचा पहिला मेळावा भरला. पोलंडमध्ये चित्रकथा नव्या नव्हत्या. हेन्रिक ख्म्येलेव्स्की याची तितुस नावाच्या वानराची चित्रकथा 1957 पासून मुले वाचत होती, आणि ग्झेगोश रोशिन्स्की हा चित्रकार 1977 पासून 'थॉर्गल' या मालिकेमुळे पश्चिम युरोपात गाजत होता. परंतु साम्यवादी सत्तेला हा प्रकार अमेरिकी थिल्लरपणा वाटे, आणि विद्वानांना तो बालिश वाटे. त्यामुळे चित्रकथाकारांना स्वतःचे घर नव्हते. ते घर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बेकारीच्या सावटाखाली असलेल्या या शहरात मिळाले.

हा योगायोग खरा, पण निव्वळ योगायोग नव्हे. गिरणीला भांडवल लागते, चित्रपटाला स्टुडिओ लागतो, बाहुलीपटाला कारागिरांचा ताफा लागतो. हे सारे राज्याच्या आधाराने चालत होते, आणि तो आधार डळमळताच चित्रपटाचे व बाहुलीपटाचे कारखानेही कोलमडू लागले. चित्रकथेला मात्र एक मेज, कागद, शाई आणि चिकाटी एवढेच लागते. कारखाने बंद पडणाऱ्या गावात जी कला कारखान्यावाचून जगू शकत होती, ती टिकली. शिवाय चित्रे पाहण्याची आणि जुळविण्याची सवय त्या गावाला साठ वर्षांची होती. जमीन नांगरलेली होती, बी हलके होते, ते रुजले.

या मेळाव्यांतून जी तरुण मंडळी पुढे आली त्यांत प्शेमिस्वाव त्रुश्चिन्स्की याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तो स्त्शेमिन्स्कीच्याच कलाविद्यालयात शिकलेला. चित्रांखाली तो 'त्रुस्त' अशी सही करतो. त्याच्या पिढीला ना सरकारी प्रकाशनाचा आश्रय होता, ना खाजगी प्रकाशनाचा. मोठ्या ग्रंथांची चैन परवडणारी नव्हती. त्यामुळे चार-सहा पानांची छोटी चित्रकथा हाच त्यांचा आखाडा झाला. त्रुश्चिन्स्कीने या छोट्या आकारात नाना तऱ्हा करून पाहिल्या. त्याची एक कथा दुसरीसारखी दिसत नाही. या विखुरलेल्या कथांचा संग्रह 2003 साली निघाला, त्याच्या नावाचा अर्थ 'आजाराची हकिकत'. वैद्य रोग्याचे जे टिपण ठेवतो, ते. आपल्या कलाजीवनाला तरुण चित्रकाराने असे नाव द्यावे, यात थट्टा आहे. पण ज्या शहरात, ज्या वर्षांत तो वाढला, त्यांचाही काही अंश त्या नावात ऐकू येतो असे मला वाटते.

याच शहराच्या दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख येथे केला पाहिजे. आंद्झेई सापकोव्स्की हा 1948 साली वूचमध्ये जन्मला, तेथेच अर्थशास्त्र शिकला आणि परदेशी व्यापाराच्या नोकरीत वर्षानुवर्षे राहिला. 1986 साली त्याने एका मासिकाच्या स्पर्धेसाठी राक्षसांची शिकार करणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या भटक्याची कथा लिहिली. त्या भटक्याचे नाव गेराल्ट. 2007 साली वॉर्सॉच्या एका कंपनीने त्या कथांवर संगणकावरचा खेळ काढला, तेव्हा गेराल्टचा चेहरा घडविण्यात त्रुश्चिन्स्कीच्या पेन्सिलीचाही वाटा होता. आज जगाच्या कानाकोपऱ्यातील मुले तो चेहरा ओळखतात. तो एका गिरणगावात लिहिलेल्या कथेतून आला, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. एके काळी हे शहर रशियाला कापड पुरवी. आता ते जगाला चेहरे पुरविते.

हे वाक्य ऐकायला बरे वाटते. परंतु इतिहास सांगणाऱ्याने बऱ्या वाटणाऱ्या वाक्यापाशी थांबू नये.

ओग्रोदोवा रस्त्यावरच्या गिरणीत आपण शेवटचे जाऊ या. 2006 साली तेथे 'मानुफाक्तुरा' नावाचे प्रचंड बाजारसंकुल उघडले. लाल विटा घासूनपुसून स्वच्छ केल्या आहेत. सूतकताईच्या भव्य इमारतीत तारांकित हॉटेल आहे. विणाईच्या एका इमारतीत 2008 पासून स्त्शेमिन्स्कीने जमविलेल्या संग्रहाच्या संग्रहालयाची नवी शाखा आहे. शहराचे 1907 सालचे पहिले वीजकेंद्रही असेच पालटले. तेथे तारांगण झाले, विज्ञानकेंद्र झाले आणि चित्रकथांसाठी एक स्वतंत्र केंद्रही झाले. 1991 सालच्या त्या लहानशा मेळाव्याचा आंतरराष्ट्रीय उत्सव झाला आहे. 2017 साली युनेस्कोने वूचला चित्रपटाची सर्जनशील नगरी म्हणून मान दिला. हे सारे चांगले झाले. इमारती पाडून टाकण्यापेक्षा त्यांत चित्रे टांगणे केव्हाही श्रेयस्कर.

पण इमारती वाचल्या, तशा त्यांतल्या बायका वाचल्या का? चाळिशी-पन्नाशीत माग सोडावा लागलेली विणकर चित्रकथाकार होत नाही, चित्रपटविद्यालयातही जात नाही. नव्या संकुलात तिच्या मुलीला एखाद्या दुकानात नोकरी मिळाली असेल. दुकानातले कापड मात्र दूर आशियातल्या दुसऱ्या कुणा बाईने विणलेले आणि शिवलेले असते. कलेने शहराला नाव दिले, पाहुणे दिले, अभिमान दिला. तिने गिरणीची भाकरी परत दिली नाही. तिच्याकडून ती अपेक्षा करणे हा कलेवर अन्याय, आणि ती तिने पूर्ण केली असे सांगत सुटणे हा त्या बायकांवर अन्याय.

मग कला काय करू शकते? उत्तर पुन्हा चित्रकथेकडूनच घ्यावे. चित्रकथेच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसरीत माणूस जमिनीवर. प्रहार कुठेच काढलेला नसतो. तो वाचक त्या कोऱ्या पट्टीत पाहतो. चित्रकाराचे कसब चौकटींइतकेच त्या पट्टीत असते. वूच शहराच्याही अशाच दोन चौकटी आज पर्यटकाला दाखविल्या जातात. पहिलीत पोझ्नान्स्कीची धूर ओकणारी गिरणी, दुसरीत दिव्यांनी उजळलेला बाजार. मधल्या कोऱ्या पट्टीत कोंडवाड्याचे कुंपण आहे, एका हाताने रंगविणारा चित्रकार आहे आणि फेब्रुवारीच्या थंडीत पंतप्रधानांपुढे 'नाही' म्हणून उभ्या राहिलेल्या बायका आहेत. ज्या शहराला दोन चौकटींच्या मधले वाचता येते, त्याने आपला इतिहास गमावलेला नाही. वूचने आपल्या मुलांना निदान ते वाचावयास शिकविले आहे. त्या बायकांचे पान चित्रात पुरते उतरणे मात्र अजून बाकी आहे, आणि कागद व शाई यांची त्या शहराला कधी वाण पडलेली नाही.